बकुळीची किल्ली

श्रेणिक बोरगावेचा पासवर्ड त्याच्या बायकोला ठाऊक होता, आणि सगळं दुखणं तिथंच होतं.

सोमवारी सकाळी साडेनऊला चारुता आपल्या टेबलाशी बसली, चहाचा पहिला घोट घेतला आणि नव्या पासवर्डांची यादी उघडली. सांगलीच्या मसाला परीक्षण केंद्राचं नेटवर्क गेली तेरा वर्षं तिच्या ताब्यात होतं. कोणाचं खातं उघडत नाही, कोणाची मुदत संपली, कोणाला नवा पासवर्ड हवा, ही सगळी तक्रार शेवटी तिच्याकडंच यायची. यादीत सातव्या ओळीवर तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

'श्रेणिक बोरगावे, मुख्य गंधपरीक्षक. ई-मेल खात्याची किल्ली बदलली. बकूळ तीन थेंब, जुना कागद दोन, खडू एक. धार एक्क्याण्णव.'

चारुतानं ती ओळ दोनदा वाचली. बकूळ? त्यांच्या घरात बकूळ नव्हती, अंगणात नव्हती, तिच्या केसांत तर नव्हतीच नव्हती. ह्या केंद्राचा पहिला नियम असा की कामावर येताना गजरा नाही, अत्तर नाही, डोक्याला वासाचं तेल नाही, डब्यात कांदा-लसूण नाही. दिवसभर हळदीचे आणि वेलदोड्यांचे नमुने हुंगणाऱ्या माणसांच्या नाकात दुसरं काही जाता कामा नये म्हणून. श्रेणिकच्या जैन घरात कांदा-लसूण तसाही शिजत नव्हता, त्याला ते सोपं गेलं. चारुतानं मात्र लग्न झाल्यापासून फूल म्हणून माळलं नव्हतं. आणि इकडे नवऱ्याच्या किल्लीत तीन थेंब बकूळ!

चहावर साय धरली तरी ती त्याच ओळीकडं बघत होती.

लिहिलेले पासवर्ड संपले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. पुंज-संगणक, म्हणजे क्वांटम संगणक, आले आणि माणसानं अक्षरं, आकडे, चिन्हं कितीही गुंफून ठेवली तरी ती एका जांभईच्या वेळात उलगडायला लागली. बोटांचे ठसे आणि चेहरे चोरांनी त्याआधीच हुबेहूब उतरवले होते. आता असं काहीतरी हवं होतं, जे चोराला घेता येणार नाही आणि मालकाला मनात आणलं तरी देता येणार नाही. ते सापडलं नाकात.

नाकाची एक गंमत आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूच्या मधल्या चौकीवर आधी थांबतं, तिथं त्याची झडती होते, मग ते आत जातं. वासाला ती चौकी लागत नाही. तो थेट आठवणींच्या आणि भावनांच्या घरात शिरतो, तेही चपला न काढता. म्हणून एकच वास दोघांना सारखा येतो, पण सारखा भिडत नाही. प्रत्येक टेबलावर आता गंधकुलपाची पेटी होती. तिच्यात अठ्ठेचाळीस कुप्या. माणसानं कपाळाला पट्टा बांधायचा, आपल्याला भिडणाऱ्या एखाद्या आठवणीचा वास कुप्यांतून जुळवायचा आणि हुंगायचा. पुढच्या दोन सेकंदांत नाडी, श्वास, डोळ्यांतली बाहुली, कातडीचा ओलावा आणि मेंदूच्या लहरी मिळून जी नक्षी उमटते, ती त्याची किल्ली. ती किती ठसठशीत उमटली, ती किल्लीची धार. शंभरपैकी साठच्या खाली गेली की किल्ली बोथट, कुलूप उघडत नाही.

त्यामुळं कृती लपवायचं कारणच उरलं नाही. श्रेणिकची बकूळ दुसऱ्या कोणी हुंगली तर त्याचं खातं थोडंच उघडणार होतं? कुप्या भरायचं काम चारुताकडं, म्हणून कृती तिला दिसायच्या. यंत्राला किती भिडलं ते कळायचं, का भिडलं ते कळायचं नाही. ते शोधायचं काम चारुतानं त्या सोमवारी स्वतःकडं घेतलं.

उत्तर तिला बुधवारी दुपारी डबा खाताना मिळालं. शर्वरी घाटगे सात महिन्यांपूर्वी कोचीहून बदलून आली होती, उपपरीक्षक म्हणून. श्रेणिकच्या हाताखाली, आणि त्याच्याच कॉलेजची. नाक तीक्ष्ण, बोलणं मोकळं, हसली की अख्खं जेवणघर वळून बघायचं. विषय निघाला कोल्हापूरचा.

"आमच्या ग्रंथालयाच्या दारात बकूळ होती," शर्वरी म्हणाली. "परीक्षेच्या दिवसांत नुसता सडा पडायचा. हा माझ्या पुस्तकांत फुलं घालून ठेवायचा. आठवतंय का रे श्रेणिक?"

"हो," श्रेणिक म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

हो! नुसतं हो! बकूळ, जुना कागद, खडू. ग्रंथालय, पुस्तक, वर्ग. कोडं सुटलं होतं आणि सुटलेलं कोडं तिच्या छातीवर येऊन बसलं होतं.

त्या दुपारी तिनं न करायचं ते केलं. श्रेणिकच्या तीन वर्षांतल्या जुन्या किल्ल्या काढल्या. दर नव्वद दिवसांनी एक, म्हणजे बारा. आजोळचा गोठा, क्रिकेटच्या बॅटचं तेल, वसतिगृहातलं ऑम्लेट (हे सासूबाईंना कळलं तर!), भावाची मोटारसायकल, पन्हाळ्यावरचं धुकं. बारा किल्ल्या, आणि एकीतही चारुता नव्हती. तेरावी लावली तर ती बकुळीची.

आणि चारुतानं काय केलं होतं? गंधकुलूप आलं त्या पहिल्याच दिवशी डोळे मिटून नवऱ्याची आठवण पेटीत ठेवली होती. कृष्णेचा घाट, कागदाच्या पुडीतलं भडंग, श्रेणिकच्या सदऱ्याला येणारा ओल्या हळदीचा वास. घाटावरच्या त्या संध्याकाळी त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. धार आली होती पंच्याण्णव, आणि ती दिवसभर मिरवत होती.

पण ती आठवण आता तिच्याकडं नव्हती, ही आणखी एक गोष्ट.

किल्ली नव्वद दिवसांनी का बदलायची, ते केंद्रात सगळ्यांत चांगलं बापू कुंभोजकरांना ठाऊक होतं. बापू केंद्राचे जुने कार्यालयप्रमुख, निवृत्तीला वर्ष राहिलेले. त्यांनी पहिली किल्ली केली होती शिकेकाईची. बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तीन महिन्यांनी ते चारुताच्या टेबलाशी आले आणि खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, ती शिकेकाई परत मिळंल का वो?"

"परत म्हणजे?"

"आधी वास आला की ती न्हाणीच्या दारात हुबी राहायची, केस पिळत. आता वास आला की हे टेबल आठवतंय. तुमचा एसी आठवतोय. शिकेकाई आता नुसती शिकेकाई राहिली बघा."

चारुतानं त्यांना शास्त्र समजावलं होतं, कारण समजावण्यापलीकडं तिच्या हातात काही नव्हतं. आठवण काढली की ती कपाटातून काढलेल्या कपड्यासारखी बाहेर येते आणि पुन्हा घडी घालताना आजूबाजूचं काहीबाही तिच्यात गुंडाळलं जातं. रोज सकाळी ऑफिसात काढली, तर नव्वद दिवसांत तिच्यात माणूस कमी आणि ऑफिस जास्त होतं. धार उतरते ती त्यामुळं. मग नवी किल्ली, नवी आठवण. एकदा दिलेली किल्ली पुन्हा चालणार नाही, हा नियमही जुन्या पासवर्डांच्या काळापासूनचा, आणि इथं तो चारुतानंच घातला होता.

बापूंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे यंत्रानं खाल्ली म्हणा की," असं म्हणून ते उठले.

हे सगळं ठाऊक असूनही, म्हणजे नीट ठाऊक असूनही, चारुतानं पुढच्या सोमवारी श्रेणिकची बकुळीची किल्ली रद्द केली. कारण लिहिलं, 'तांत्रिक'.

तिला बकूळ घालवायची होती एवढंच नाही. तिला त्याच्या आत अजून काय आहे ते बघायचं होतं. ती कितव्या नंबरावर आहे ते बघायचं होतं. मत्सराला तांत्रिक कारण पुरतं, दुसरं काही लागत नाही.

मंगळवारी श्रेणिकनं नवी किल्ली दिली. 'धूप, तूप, ओलं सोवळं.' ही त्याची आई. पुढच्या सोमवारी ती रद्द. मग आली 'पोती, उंदराचं औषध, गूळ', म्हणजे वडिलांचं गोदाम. रद्द. बुटाचं पॉलिश आणि नवीन वहीचा कागद, ही शाळा. रद्द. मग हरिपूरचं हळदीचं पेव. जमिनीतल्या त्या कोठारात वडिलांनी त्याला आठव्या वर्षी दोराला बांधून उतरवलं होतं आणि 'डोळे मीट, नाकानं बघ' म्हणाले होते. त्याचा सगळा धंदा त्या एका वाक्यातून निघालेला. तीही रद्द.

"तुझ्या नेटवर्कला झालंय तरी काय?" एका संध्याकाळी त्यानं विचारलं. "पाच आठवड्यांत पाच किल्ल्या. बाकी कुणाची जात नाही."

"बघते," चारुता भाजी निवडत म्हणाली.

"बघ लवकर. माझ्याकडं आता फारसं काही राहिलं नाही गं. माणसाला भिडणाऱ्या गोष्टी असतात तरी किती?"

"असेल की अजून. शोध नीट."

तिच्या आवाजात काय होतं ते त्यानं ओळखलं नाही. नाक एवढं तीक्ष्ण, पण कानांचं शिक्षण राहून गेलेलं. तो आंघोळीला गेला.

त्यात एक भीती होती, ती दोघांनाही ठाऊक होती. परदेशी जाणारा प्रत्येक अहवाल मुख्य परीक्षकाच्या स्वतःच्या ई-मेल खात्यावरूनच जायचा. लागोपाठ तीन दिवस किल्ली नसली तर खातं गोठायचं, आणि पद उपपरीक्षकाकडं जायचं. म्हणजे शर्वरीकडं. हे चारुताच्या मनात यायचं तेव्हा तिचा हात थोडा थांबायचा. पण थांबायचा थोडाच.

पाचव्या मंगळवारी यादी आली.

'श्रेणिक बोरगावे. पेरू तीन थेंब, राळेचा धूर दोन, गरम धूळ एक. धार अठ्ठ्याण्णव.'

अठ्ठ्याण्णव! केंद्रात आजवर कोणाची एवढी धार आली नव्हती. बकूळ एक्क्याण्णव होती, आई त्र्याण्णव. आता ही कोण? पेरू खाणारी ही कोण बाई, जी बकुळीच्या वर सात गुण घेऊन बसली आहे? शर्वरी परवडली असं तिला क्षणभर वाटून गेलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेल्यावर तिनं स्वतःच्या पेटीत तीच कृती जुळवली, पट्टा बांधला आणि हुंगली. पडद्यावर तिची धार उमटली, बावीस. म्हणजे तिला त्या वासाशी काही देणंघेणं नव्हतं. पिकलेला पेरू, थोडं तिखट-मीठ लावल्यासारखा. आणि राळ. राळ कुठं जळते? देवापुढं नाही, ती वेगळी. ही तारांना डाख देऊन जोडताना जळते, कथलाबरोबर.

कथलाबरोबर.

चारुता खुर्चीत ताठ झाली. चौदा वर्षांपूर्वी ती ह्या केंद्रात नोकरीला नव्हती, केबल टाकणाऱ्या कंपनीची मुलगी म्हणून आली होती. सर्व्हर-खोलीत जमिनीवर मांडी घालून तुटलेल्या तारांना डाख देत होती, यंत्रांच्या उष्णतेनं धूळ तापली होती, आणि नियम ठाऊक नसल्यामुळं मांडीवर पेरू घेऊन बसली होती. दार धाडकन उघडून एक काडीपैलवान आत आला होता आणि ओरडला होता, "कोण खातंय पेरू? तिसऱ्या नमुन्यात पेरू आलाय! सकाळपासूनची सगळी हळद वाया गेली!"

ही? ही त्याची अठ्ठ्याण्णव?

तिला तो दिवस अपमानाचा म्हणून आठवत होता, आणि तोही कधी काळी. तिच्या लेखी त्यांची गोष्ट घाटावर सुरू झाली, भडंगाच्या पुडीपासून. ह्या पेरूला तिनं त्यांच्या गोष्टीत धरलंच नव्हतं. ती हसली, मग तिला रडू आलं, मग पुन्हा हसू. ती पहिली आली होती! सगळ्यांच्या वर, आईच्याही वर!

आणि मग तिच्या डोळ्यांपुढं बापू खुर्ची ओढून बसले.

नव्वद सकाळी. रोज साडेनऊला पेरू, राळ आणि गरम धूळ, आणि त्यात रोज थोडं थोडं ऑफिस गुंडाळलं जाणार. अठ्ठ्याण्णवची ऐंशी, ऐंशीची सत्तर. शेवटी पेरू नुसता पेरू राहणार. हे त्यानं केलं नव्हतं. बाकीची सगळी दारं बंद करून तिनंच त्याला ह्या दाराशी आणून उभं केलं होतं.

त्या संध्याकाळी विश्रामबागेतल्या घरी श्रेणिक दूध तापत ठेवून ओट्याला टेकला होता. चारुतानं पर्स ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"किल्ल्या यंत्र रद्द करत नव्हतं. मी करत होते."

त्याला समजायला वेळ लागला. "तू?"

"पाचही."

"का?"

"बकुळीमुळं."

रागावला की श्रेणिक आवाज चढवत नसे, हळू करत असे, आणि ते जास्त वाईट असे. "माझी आई गेली त्यात. पेव गेलं. त्या किल्ल्या पुन्हा चालत नाहीत हा नियम तूच घातलायस ना? आणि ते कशासाठी, तर वीस वर्षांपूर्वी एका मुलीच्या पुस्तकात मी फुलं ठेवली म्हणून?"

"आवडायची ना ती तुला?"

"आवडायची. खोटं कशाला बोलू? आवडायची. म्हणून तर दिली पेटीत." त्यानं हात झटकला. "अगं, ती आठवण झिजली तर मला काय होणार होतं? जे गेलं तर चालेल ते आधी दिलं मी. गोठा दिला, बॅट दिली, बकूळ दिली. तीन वर्षं एकच वास बाजूला ठेवला होता. एकच. त्याला बापूंच्या शिकेकाईसारखं करायचं नव्हतं."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगायचं? मी ओरडत आत आलो, आणि ओरडणाऱ्या माणसापुढं तू पेरूची फोड धरलीस, मीठ लावून. 'आधी खा, मग ओरडा,' म्हणालीस. हे सांगायचं असतं होय?"

चारुताला फोड आठवत नव्हती. ते वाक्य तर मुळीच आठवत नव्हतं. तिच्याच तोंडचं वाक्य चौदा वर्षं ह्या माणसानं सांभाळलं होतं आणि तिनं ते त्याच्याकडून ओढून काढून टेबलावर टाकायला लावलं होतं. तिला लाज वाटली.

दूध केव्हाच उतू जाऊन तळाशी लागलं होतं. धूर झाल्यावर दोघांना कळलं. करपलेल्या दुधाचा वास पडद्यांत, उशांत, डाळीच्या डब्यांत जाऊन बसला आणि त्या घरात कोणी जेवलं नाही.

"उद्या मी पेरू रद्द करते," अंथरुणावर पाठ फिरवून पडल्यावर ती म्हणाली. "आज एकदाच हुंगलास. अजून काही झालं नाही त्याला."

"कर. आणि मग मी काय देऊ? माझ्याकडं काही नाही आता. तीन दिवसांनी शर्वरी बसेल माझ्या खुर्चीत."

"बसू दे."

हे ती बोलली खरी, पण बोलताना तिला दात आवळावे लागले.

बुधवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी, श्रेणिक पट्टा बांधायच्या आत, चारुतानं ती किल्ली रद्द केली. कारणाच्या रकान्यात ह्या वेळी 'तांत्रिक' लिहिलं नाही. रकाना रिकामाच ठेवला. श्रेणिक दिवसभर पेटीला हात न लावता नमुने हुंगत राहिला. तयार अहवाल तसेच पडून राहिले. शर्वरी दोनदा त्याच्या टेबलाशी येऊन काही मदत हवी का विचारून गेली, आणि चारुतानं ते काचेतून दोन्ही वेळा पाहिलं.

गुरुवारी तिच्या स्वतःच्या किल्लीची मुदत संपली. 'आपला पासवर्ड बदला,' असं यंत्रानं सांगितलं, जसं ती रोज दुसऱ्यांना सांगायची. तिनं पट्टा बांधला. काय द्यायचं? भडंग गेलं होतं. माहेर गेलं होतं. ती कुप्यांकडं बघत बसली, आणि एक विचार तिच्या डोक्यात असा आला की तिला स्वतःचंच हसू आलं. यंत्र जे दिलं ते खातं. आठवण चांगली की वाईट हे त्याला कुठं कळतं? त्याला फक्त किती ते कळतं. मग चांगलंच कशाला द्यायचं?

तिनं बकूळ घेतली. तीन थेंब. जुना कागद दोन, खडू एक. हुंगली मात्र, आणि छातीत जे काही भडकलं ते थेट पडद्यावर उमटलं. धार सत्त्याण्णव.

"खा," ती यंत्राला म्हणाली, आणि किल्ली पक्की केली.

शुक्रवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनला यादीत एक ओळ आली. 'श्रेणिक बोरगावे. करपलेलं दूध चार थेंब. धार शहाण्णव.' चारुतानं मान वर केली. काचेपलीकडं तो पट्टा सोडत होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. पण तिनं काय दिलं आहे ते त्याच्या तीक्ष्ण नाकानं ओळखलं होतं, नाहीतर त्याला हे सुचलं नसतं. शहाण्णव म्हणजे त्याचा राग पेरूपेक्षा दोनच गुणांनी कमी होता. ते वाचून तिला वाईट वाटलं, आणि ते तिच्या वाट्याला येणारच होतं.

मग रोज सकाळी दोघं शेजारच्या दोन खोल्यांत कपाळाला पट्टे बांधून बसू लागले. ती मत्सर हुंगायची, तो राग. नव्वद, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. पहिले पंधरा दिवस घरी बोलणं नव्हतं. तिसाव्या दिवशी तो तिचा डबा भरून देऊ लागला. पंचेचाळीसाव्या दिवशी घरात दूध पुन्हा लागलं आणि दोघंही स्वयंपाकघरात धावले, तेव्हा श्रेणिक म्हणाला, "मला तुझं टेबल आठवलं," आणि दोघं पातेलं तसंच ठेवून हसत सुटले. थंडी आली, रस्त्यावर पेरूच्या गाड्या लागल्या. चारुताला पेरू जिवापाड आवडायचा. तिनं तो सोडला. पेरूची गाडी दिसली की मोटारीची काच वर करायची, नवऱ्याचं नाक त्या बाजूला असेल तर त्याच्याशी काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे तो श्वास इकडं घेईल.

ऐंशीव्या दिवशी करपलेलं दूध एकोणसाठवर आलं आणि बोथट झालं. श्रेणिक तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"राग संपला," तो म्हणाला. "आता काय देऊ?"

"मला काय विचारतोस?"

"पुन्हा भांडावं लागेल म्हणजे."

नव्वदाव्या दिवशी चारुताची मुदत भरली. नव्वदाव्या दिवशी केंद्रातल्या सगळ्यांच्या किल्ल्या साठीच्या आसपास लोळत असतात. चारुताची बकूळ एकाहत्तरवर होती. श्रेणिक तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"अजून एकाहत्तर? अगं, मी तुला सगळं सांगितलंय की."

"सांगितलंस." चारुतानं पडद्यावर दुसरी यादी उघडली आणि त्याच्याकडं वळवली. "ही शर्वरी. आल्यापासून चार किल्ल्या. कोचीचा समुद्र, डिझेल, आजीची वाकळ, फणस. बकूळ एकदाही नाही."

"मग?"

"जे जपायचं असतं ते माणूस पेटीत देत नाही. तूच म्हणालास."

श्रेणिकनं मान वळवली. काचेपलीकडं शर्वरी एका वाटीवर वाकून हळद हुंगत होती, डोळे मिटून.

"वेडी आहेस तू," तो म्हणाला.

"एकाहत्तर टक्के," चारुता म्हणाली, आणि नव्या किल्लीसाठी तिनं पट्टा कपाळाला बांधला.